समकालीन ग्राफिक डिझाइन शोधताना चित्राच्या मागे जायला हवे

नाशिकच्या एका छोट्या स्टुडिओत लेबले, पाकिटे आणि प्रदर्शनांचे फलक करणाऱ्या एका तरुण डिझायनरचा प्रश्न थोडक्यात असा आहे : ‘मी रोज बिहॅन्स आणि पिंटरेस्ट पाहतो, शेकडो चित्रे साठवून ठेवली आहेत, तरी प्रत्यक्ष काम हाती आले की त्यांतले काहीच उपयोगी पडत नाही आणि सगळे एकसारखेच दिसू लागते. सध्याचे खरोखर प्रेरणा देणारे काम, विशेषतः देवनागरीतले, कुठे पाहावे? आणि लेबलावर मराठी व इंग्रजी शेजारी आली की मराठी मागाहून चिकटवल्यासारखी दिसते, त्याला उपाय काय?’

चांगल्या कामाचा तुटवडा आहे म्हणून तुमची ही अडचण झालेली नाही. अडचण अशी आहे की ते काम तुमच्यापर्यंत पोहोचते तेव्हा ते ज्या कारणासाठी जन्माला आले त्या कारणापासून तुटलेले असते. ग्राफिक डिझाइन हे कुणाच्या तरी गरजेला दिलेले उत्तर असते. ती गरज वगळून नुसते उत्तर पाहिले तर त्यातून रंग आणि आकार एवढेच उचलता येतात आणि तेच सगळे जण उचलतात. एका चित्रासारखी दुसरी चित्रे पुढे करत राहणे हेच या संकेतस्थळांचे काम असल्यामुळे तुमचा संग्रह जितका वाढतो तितका तो एकसुरी होत जातो. त्यातही पुष्कळ कामे कधी छापलीच गेलेली नसतात, तयार नमुन्याच्या डब्यावर किंवा फलकावर चढवून ती दाखवलेली असतात, त्यामुळे कागद, शाई, घडी, अंतर आणि उजेड यांची कसोटी त्यांना लागलेली नसते. ही स्थळे सोडून द्या असे मी म्हणणार नाही. मात्र त्यांचा उपयोग करणाऱ्याचे नाव कळण्यापुरता करावा, आणि नाव कळले की त्या स्टुडिओच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, मुलाखतींत, व्याख्यानांत शिरावे. चित्र जपून ठेवण्यापेक्षा नाव जपून ठेवणे अधिक फळते.

एक उदाहरण जरा जवळून पाहू. जपानच्या यामागुची प्रांतातील हिकारी शहरात उमेदा हॉस्पिटल हे प्रसूती व बालरुग्णालय आहे. १९९८ च्या सुमारास तिथले दिशादर्शक फलक जपानी डिझायनर केन्या हारा यांनी केले. छायाचित्रात तुम्हाला भिंतीवर किंवा छताखाली एक पांढरा, मऊ कडांचा फलक आणि त्यावर साधी अक्षरे दिसतील. साठवणाऱ्याने ते ‘मिनिमल’ या नावाखाली ठेवलेले असेल. प्रत्यक्षात तो फलक पांढऱ्या सुती कापडाचा आहे. आतल्या साच्यावर खोळ चढवावी तसे ते कापड ताणून बसवलेले असते आणि काढून धुता येते. पांढरे सुती कापड लगेच मळते, म्हणूनच ते निवडले आहे. जी वस्तू सहज मळते ती जिथे कायम स्वच्छ ठेवली जाते, तिथे स्वच्छतेची काळजी किती घेतली जाते हे बाळंतिणीला आणि तिच्या माणसांना न सांगता कळते. म्हणजे हा फलक कुठे जायचे ते सांगतोच, पण रुग्णालय कसे चालते तेही सांगतो, आणि ते अक्षरांनी नव्हे तर कापडाने सांगतो. एवढे समजल्यावर तुम्ही पांढऱ्या रंगाची नक्कल करणार नाही. पुढच्या वेळी मसाल्याचे पाकीट हाती आले की ‘याचा कागदच ग्राहकाशी काय बोलू शकेल?’ असा विचार कराल. मला अभिप्रेत असलेली प्रेरणा ती हीच.

म्हणून कोणतेही काम आवडले की ते कुणी केले, कुणासाठी केले, त्या जागी आधी काय होते, ते कशावर आणि किती छापले गेले, आणि करणाऱ्याने कोणता सोपा पर्याय नाकारला, हे शोधून काढावे. शेवटचे उत्तर सर्वांत कठीण असते, आणि सर्वांत शिकवणारेही. ही माहिती ज्या कामाबद्दल मिळतच नाही ते काम कितीही देखणे असले तरी मी विद्यार्थ्यांना संदर्भ म्हणून देत नाही.

आता देवनागरीकडे वळतो, कारण माझ्या मते सध्या भारतातले सर्वांत कसदार दृश्यकाम अक्षरांच्या क्षेत्रात चालले आहे आणि मराठी माणसांचा त्यातला वाटा मोठा आहे. या वाटेवर आधी र. कृ. जोशी यांचे नाव घ्यावे लागते. कवी, सुलेखनकार, जाहिरात क्षेत्रातले कलादिग्दर्शक आणि पुढे आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन शिक्षण केंद्रातले शिक्षक अशा सगळ्या भूमिका त्यांनी निभावल्या. विंडोजमधून घरोघरी पोहोचलेला ‘मंगल’ हा फॉन्टही त्यांच्याच हातचा. त्यांचे २००८ साली निधन झाले. अक्षर हे केवळ मजकूर वाहून नेणारे साधन नसून संवादाचा गाभा आहे ही जाणीव त्यांच्यामुळे इथल्या डिझाइन शिक्षणात रुजली. आयडीसीच्याच पुढाकाराने २००८ पासून भरणाऱ्या टायपोग्राफी डे या परिषदेतले निबंध इंटरनेटवर मोफत वाचता येतात. भारतीय लिप्यांविषयी इतके साहित्य एका ठिकाणी क्वचितच सापडेल. त्यांतले निवडक निबंध वाचल्यावर देवनागरीकडे पाहण्याची तुमची नजर पार बदलेल, याची मला खात्री आहे.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे काम मात्र पडद्यावर पाहून न थांबता उघडून पाहावे. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी रेखाटलेला ‘मोदक’ हा त्यांचा देवनागरी फॉन्ट घ्या आणि एखादे अक्षर पानभर मोठे करा. अक्षर इतके गुबगुबीत आहे की आतल्या पोकळ्या जवळपास मिटल्या आहेत आणि केवळ बारीक पांढऱ्या रेषा उरल्या आहेत. एरवी आपण काळा आकार वाचतो, इथे मात्र वाचन त्या पांढऱ्या रेषांवर चालते. ‘म’ आणि ‘भ’ यांतला फरक, किंवा ‘घ’ आणि ‘ध’ यांतला फरक या एवढ्याशा फटींनी कसा राखला आहे ते पाहा. नंतर ‘ष्ट’, ‘क्ष’, ‘ह्म’ अशी जोडाक्षरे टंकून पाहा, म्हणजे प्रत्येक ठिकाणी रेखाटणाऱ्याने कुठे जागा चोरली आणि कुठे सोडली हे दिसेल. हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली असल्यामुळे तो फॉन्ट संपादित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून त्याची बाह्यरेषा बिंदूबिंदूने तपासता येते. एखाद्या चित्रकाराच्या कुंचल्यामागे उभे राहण्याची सोय आपल्याला नसते, टाइपच्या, म्हणजे छापील अक्षरांच्या रेखाटनाच्या, क्षेत्रात मात्र ती आहे आणि तिचा लाभ घेणारे विद्यार्थी फार थोडे आहेत.

त्याच गटाच्या ‘बलू’ कुटुंबात एकच खोडकर, जाडसर स्वभाव अनेक भारतीय लिप्यांत उतरवला आहे. गुजरातीत तो ‘बलू भाई’ आहे, गुरुमुखीत ‘बलू पाजी’, तमिळमध्ये ‘बलू तंबी’. एका लिपीचे वळण दुसरीवर लादले नसतानाही ही सारी भावंडे एका घरातली कशी वाटतात, हे निरखणे बहुभाषिक काम करणाऱ्याला फार उपयोगाचे आहे. मराठीपुरते बोलायचे तर फिओना रॉस आणि जॉन हडसन यांचा ‘तिरो देवनागरी मराठी’ जरूर पाहावा. त्यात देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ ही आपली वळणे मूळ रूप म्हणून दिलेली आहेत. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात हीच वळणे मराठीसाठी प्रमाण ठरवली होती. अनेक चांगल्या फॉन्टांत ही वळणे दडलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली की ती आपोआप येतात, परंतु बहुतेक स्टुडिओंत भाषेचा तो रकाना इंग्रजीवरच राहिलेला असतो. आडोबीच्या काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा कंपोझर, म्हणजे अक्षरे जुळवून ओळी लावणारी सोय, वेगळा निवडावा लागतो, तो न निवडल्यास जोडाक्षरे तुटतात. या दोन गोष्टी आजच तपासून पाहा.

दृश्यसंवाद म्हणजे काय हे समजून घेण्यासाठी आपल्या रुपयाच्या चिन्हाचा अभ्यासही मी सुचवतो. उदय कुमार धर्मलिंगम यांचे हे चिन्ह पाच आराखड्यांच्या अंतिम यादीतून निवडले गेले आणि केंद्र सरकारने ते १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. देवनागरी ‘र’ आणि उभा दांडा नसलेला रोमन ‘आर’ यांचा मेळ, वर शिरोरेषा आणि तिच्याखाली दुसरी आडवी रेघ, हे तर सर्वांना ठाऊक असते. त्यापुढचा भाग अधिक शिकवणारा आहे. चिन्ह जाहीर झाले तेव्हा ते टंकायचे कसे हे ठरलेले नव्हते. सुरुवातीला काही फॉन्टांनी ते भलत्याच कळीवर बसवले, त्यामुळे फॉन्ट बदलला की रुपया नाहीसा होई. ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडच्या, म्हणजे संगणकावरच्या प्रत्येक अक्षराला ठराविक क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या, ६.० आवृत्तीत त्याला स्वतःचे स्थान मिळाले. त्यानंतर संगणक, कळफलक, फोन आणि नाणी यांवर ते पसरत गेले. आज भाजीवाल्याच्या खडूच्या पाटीवरही ते हाताने काढलेले दिसते, आणि प्रत्येकाच्या हातून ते थोडे वेगळे येऊनही ओळखू येते. चिन्हाच्या रेखाटनाइतकेच महत्त्व त्याला मिळालेल्या या व्यवस्थेला आहे. बोधचिन्ह करताना तुमच्या ग्राहकाचा पेंटर, रबरी शिक्का करणारा आणि बिलबुक छापणारा ते कसे उतरवतील याचा विचार आधी करावा लागतो तो यासाठीच.

परदेशी संग्रहांपैकी मी स्वतः वारंवार उघडतो तो सॅन फ्रान्सिस्कोच्या लेटरफॉर्म आर्काइव्हचा. २०२० पासून त्यांचा ऑनलाइन संग्रह सर्वांसाठी खुला आहे, आणि छायाचित्रे इतकी बारकाईची आहेत की कागदाचा पोत आणि शाईचा फुगवटा दिसतो. ‘फॉन्ट्स इन यूज’ या स्थळावर टाइपफेस प्रत्यक्ष पुस्तकांवर, फलकांवर, वेष्टनांवर कसे वापरले गेले ते नावानिशी नोंदलेले असते. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांच्यातली ‘१०० उत्तम पोस्टर’ ही वार्षिक निवड पाहिली तर तिकडचे आजचे पोस्टर कुठे चालले आहे याचा अंदाज येतो. त्यांतली कित्येक पोस्टरे नुसत्या अक्षरांवर उभी आहेत.

इथे एक सावधगिरी मात्र विस्ताराने सांगायला हवी, कारण आपल्याकडची पुष्कळ कामे याच ठिकाणी फसतात. स्विस किंवा जर्मन पोस्टरात कित्येकदा सगळी मोठी (कॅपिटल) अक्षरे असतात, त्यांच्यामध्ये मोकळी जागा सोडलेली असते किंवा ओळी एकमेकींना खेटून बसवलेल्या असतात. रोमन कॅपिटल अक्षरांना वर-खाली काही लोंबत नसल्यामुळे त्यांना ते जमते. देवनागरीत अक्षरांमध्ये अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचा एकसंध आकार विस्कटतो. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, मात्रा, रफार यांची टक्कर होते. त्यामुळे तो लेआउट जसाच्या तसा उचलून त्यात मराठी ओतली की ती परकी दिसते आणि दोष लिपीला दिला जातो. परदेशी पोस्टरातून घ्यायचे ते प्रमाण, समास, मोठ्या-लहानाची उतरंड आणि रिकामी जागा सोडण्याचे धैर्य. अक्षरांची मांडणी आपल्याला आपल्या लिपीच्या अंगभूत गुणांतून काढावी लागते. शिरोरेषा ही जोरकस आडवी रेघ रोमन लिपीकडे नाही. ती पानाला पट्टीसारखी आधार देऊ शकते, तिच्यावर चित्र ठेवता येते, तिला पानाबाहेर धाडता येते. वेलांट्या आणि रफार यांची वळणे तिच्या वर लय निर्माण करतात. मराठी नाटकांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींत अक्षरकार कमल शेडगे यांनी दशकानुदशके हेच केले. नाटकाच्या शीर्षकाची अक्षरे पाहताच नाटक गंभीर आहे की खेळकर हे वाचकाला कळत असे, आणि तेही एका रंगात, वृत्तपत्राच्या भरड कागदावर, चार बोटांच्या जागेत. अच्युत पालव यांनी मोडीच्या अभ्यासातून आपल्या सुलेखनात आणलेला ओघही याच दृष्टीने पाहावा. पोस्टरांच्या शंभर परदेशी नमुन्यांसोबत या दोघांचे काम समोर नसेल तर मराठी डिझायनरचा अभ्यास अपुरा राहतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

रस्त्यावरचे काम पाहण्याविषयी सगळेच सांगतात, म्हणून मी थोडक्यात सांगतो. हनीफ कुरेशी यांनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरे जमवून त्यांचे फॉन्ट केले आणि त्या पेंटरांची नावे त्या फॉन्टांना दिली. पूजा सक्सेना भारतीय शहरांतल्या पाट्यांची अक्षरे पद्धतशीर नोंदवत आहेत. दोघांचेही वैशिष्ट्य असे की त्यांनी फोटो काढून सोडून दिले नाही, तर ठिकाण, साधन आणि करणारा यांची नोंद ठेवली. तुमच्या नाशिकमध्येही जुन्या पेठांत रंगवलेल्या आणि धातूत कापलेल्या पाट्या फ्लेक्सच्या आधीपासून उभ्या आहेत, त्यांची अशी नोंद तुम्हाला करता येईल. मुंबईला आलात तर लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यावरचे तिरके पट्टे आणि तो डबा जिथे थांबतो तिथे फलाटावर रंगवलेले तसेच पट्टे यांचा संबंध लक्षात घ्या. गर्दीत, धावपळीत, कोणतीही भाषा येत नसतानाही तो संकेत काम करतो. पणजीत डिसेंबरात भरणारा सेरेंडिपिटी कला महोत्सव आणि सर जे. जे. उपयोजित कला संस्थेचे वार्षिक प्रदर्शन या दोन ठिकाणी मोठ्या आकारातले काम प्रत्यक्ष पाहता येते. पडद्यावर सगळी कामे तळहाताएवढीच होतात, म्हणून हे जाणे आवश्यक आहे.

पाहिलेले काम अंगी कसे मुरवावे, हे तुम्ही विचारलेले नाही, परंतु त्याशिवाय वरचे सारे वाया जाईल. आवडलेल्या कामांपैकी थोडीच निवडा आणि त्यांना पुरेसा वेळ द्या. मूळ आकार माहीत असेल तर त्याच आकाराची प्रत काढून भिंतीवर लावा. पट्टीने समास मोजा, सर्वांत मोठे अक्षर सर्वांत लहान अक्षराच्या किती पट आहे ते लिहून ठेवा, शीर्षक ट्रेसिंग कागदावर हाताने गिरवा. हात गिरवू लागला की डोळ्याने सोडून दिलेल्या गोष्टी कळतात, उदाहरणार्थ दोन सारखे वाटणारे काने प्रत्यक्षात वेगळ्या जाडीचे आहेत. संग्रह ‘निळा’, ‘विंटेज’, ‘मिनिमल’ अशा नावांनी न लावता ‘फार मजकूर आणि कमी जागा’, ‘दोन लिप्या’, ‘एकाच रंगात छपाई’ अशा अडचणींच्या नावांनी लावा. मग काम आले की तुम्ही त्या अडचणीच्या कप्प्याकडे जाल आणि पाच जणांनी ती पाच प्रकारे कशी सोडवली ते समोर असेल. ज्याच्याकडून कल्पना घेतली त्याचे नाव ग्राहकासमोर उच्चारता येईल इतपत ती आपली झाली आहे का, ही कसोटीही स्वतःला लावत राहावी. फॉन्टच्या परवान्याबाबत तर तडजोड नकोच, आज मुक्त परवान्याचे उत्तम मराठी फॉन्ट असताना चोरीच्या फॉन्टला कोणतेही कारण उरलेले नाही.

राहिला प्रश्न लेबलावरच्या दोन लिप्यांचा. मराठी चिकटवल्यासारखी दिसते याचे नेहमीचे कारण असे की इंग्रजी आधी बसवून लेआउट पक्का होतो आणि मराठीला उरलेली जागा मिळते. क्रम उलटा करा. मराठी नाव आधी बसवा, कारण तिला वर-खाली जास्त जागा लागते, आणि इंग्रजी तिच्याशी जुळवा. दोन्हींना सारखाच पॉइंट आकार देऊ नका. शिरोरेषेची उंची इंग्रजीच्या लहान अक्षरांपेक्षा जराशी वर आणि कॅपिटलपेक्षा खाली राहील असा आकार डोळ्यांनी ठरवा. जोडाक्षरांमुळे देवनागरीची ओळ अधिक काळी भासते, म्हणून तिचे वजन, म्हणजे रेषांची जाडी, गरज पडल्यास एक पायरी कमी घ्या. देवनागरीचा बोरू आणि रोमन लिपीचा टाक यांच्या टोकांची कापणी वेगळ्या दिशेची असल्याने अक्षरांतला जाड-बारीकपणा उलट तिरक्यावर येतो, त्यामुळे ठळक जाड-बारीक फरक असलेले दोन फॉन्ट शेजारी ठेवणे अवघड जाते आणि सुरुवातीला एकसारख्या जाडीचे फॉन्ट सोपे पडतात. एक टाइपचा २०२२ साली आलेला ‘अनेक’ यासाठी घेऊन पाहा. त्यात दहा लिप्या आहेत आणि वजनाबरोबर अक्षरांची रुंदीही हवी तशी कमी-जास्त करता येते. ‘सेंद्रिय मनुका’ आणि तिचे लांबलचक इंग्रजी नाव एकाच रुंदीत बसवायचे असेल तर अक्षर ताणून विद्रूप करण्याऐवजी फॉन्टमधली रुंदी बदलण्याची ही सोय (रुंदीचा अक्ष) वापरा. मग ते लेबल ज्यावर छापले जाणार त्याच कागदावर छापून पाकिटाला चिकटवा, ओळखीच्या किराणा दुकानात इतर पाकिटांच्या रांगेत ठेवा, आणि काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला आधी कोणती ओळ वाचता आली ते विचारा. त्याच्या उत्तरानुसार आकार आणि वजन पुन्हा बदला.